विंडोजला धक्का न लावता शेजारी लिनक्स: पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल कसं करायचं

कोकणात आता बऱ्याच घरांत एक लॅपटॉप असतो आणि पुष्कळदा तो मुंबई-पुण्याहून आलेला असतो. चाकरमान्याने नवा घेतला की जुना गणपतीला गावी येतो आणि इथेच राहतो. मग त्यावर आंब्याच्या पेट्यांचा हिशोब लिहिला जातो, होमस्टेची बुकिंगं बघितली जातात, मुलांचा अभ्यास होतो. मशीन चांगलं असतं, पण विंडोज १० वर अडकलेलं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१६-१७ सालचे लॅपटॉप अधिकृतपणे त्यात बसत नाहीत. असा लॅपटॉप भंगारात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, उत्तम चालते.

पण विंडोज पुसू नका. टॅली, डिजिटल सहीचा टोकन, आधारचं बोटांचे ठसे घेणारं यंत्र, एमएस-सीआयटीचा सराव, यातलं काही ना काही प्रत्येक घरात किंवा दुकानात लागतं आणि ते विंडोजवर बसवलेलं असतं. ते तसंच राहू दे. त्याच्या शेजारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवा, म्हणजे लॅपटॉप सुरू करताना कोणतं उघडायचं ते तुम्ही निवडाल. यालाच ड्युअल बूट म्हणतात. प्रत्यक्ष इन्स्टॉल अर्ध्या तासाचं काम आहे. लोकांचे फोटो आणि हिशोब जातात ते बहुतेक वेळा आधीची तयारी गाळल्यामुळे. म्हणून इथे तयारीवर जास्त लिहिलं आहे, आणि तो भाग वगळून खाली उडी मारू नका ही विनंती.

काय काय लागेल

८ जीबी किंवा त्याहून मोठा एक पेन ड्राइव्ह, ज्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. डेटाची प्रत ठेवायला दुसरा पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क. विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह इन्स्टॉलच्या आधीच बनवून ठेवायला १६ जीबीचा आणखी एक (तो कशाला ते शेवटी सांगितलंय). लॅपटॉपमध्ये निदान ९० जीबी मोकळी जागा, त्यातली ५०-६० लिनक्सला आणि बाकीची विंडोजला. आणि इंटरनेट, निदान डाउनलोडपुरतं.

लिनक्सचे प्रकार शेकड्यांनी आहेत. नवख्या माणसाने लिनक्स मिंट घ्यावं, असं माझं स्पष्ट मत. त्याची मांडणी विंडोजसारखी आहे: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. मिंटची २२ ही मालिका उबंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकाराच्या २४.०४ आवृत्तीवर बेतलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन आवृत्ती घ्या, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. दिसायला दुसरी जरा साधी आहे, पण जुन्या मशीनवर पळते. लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर शक्य झाल्यास आधी एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवून घ्या. वेगातला खरा फरक तिथे पडतो; कोणतीही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तरी मंद डिस्क मंदच राहते.

डेटाची प्रत, आधी हे

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे चार फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. टॅली वापरत असाल तर तिचा डेटा फोल्डर वेगळा असतो, तो विसरू नका. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड खात्याशी जोडलेले आहेत का ते बघा.

इथे एक फसगत होते. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) चालू असेल तर डेस्कटॉपवर फाइल दिसते, पण तिच्याजवळ ढगाचं चिन्ह असतं. म्हणजे ती फाइल लॅपटॉपमध्ये नसून इंटरनेटवर आहे. अशा फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, सगळं खाली उतरू द्या आणि मग कॉपी करा. कॉपी झाल्यावर चार-पाच फाइली बाहेरच्या डिस्कवरून उघडून बघा. फोटो उघडतो का, हिशोबाची एक्सेल शीट पूर्ण दिसते का? नुसतं फोल्डरचं नाव दिसणं पुरेसं नाही.

ही प्रत त्याच घरात, त्याच टेबलाच्या खणात ठेवू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारची बॅकअपची डिस्क दोन्ही एकाच पाण्यात गेली, असं कितीतरी दुकानांत झालं. जून २०२० मधल्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरुड, दापोली या भागांत घरांची छपरं उडाली. एक प्रत वरच्या वाडीतल्या नातेवाइकाकडे असावी, किंवा महत्त्वाचं तेवढं ऑनलाइन तरी असावं.

विंडोजमध्ये तीन गोष्टी तपासा

पहिली गोष्ट, डिस्कला कुलूप आहे का. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘एन्क्रिप्शन’ शोधा. ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ चालू दिसलं, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मग एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. मोठ्या डिस्कला यात बराच वेळ जातो. हे न करता पुढे गेलात तर इन्स्टॉलनंतर विंडोज निळ्या पडद्यावर तीच की मागत बसेल. दुसऱ्याने दिलेल्या लॅपटॉपवर हे जास्त जपा, कारण की भाच्याच्या खात्यात आणि लॅपटॉप मामाच्या घरात अशी स्थिती असते. भाच्याला आत्ताच फोन करा.

दुसरी गोष्ट, फास्ट स्टार्टअप. विंडोज ‘शट डाउन’ केल्यावर खरोखर पूर्ण बंद होत नाही. लवकर सुरू व्हावं म्हणून आपली थोडी स्थिती डिस्कवर जपून ठेवतं. अशा अर्धवट मिटलेल्या डिस्कवर लिनक्सने लिहिलं तर फाइली खराब होऊ शकतात, म्हणून लिनक्स ती डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं किंवा उघडतच नाही. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ असं जा, वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ वर क्लिक करा आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ समोरची खूण काढा.

तिसरी, स्टार्ट मेनूत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा आणि ‘बायोस मोड’ ही ओळ वाचा. तिथे यूईएफआय किंवा लेगसी असं लिहिलेलं असेल; लॅपटॉप सुरू होण्याच्या या अनुक्रमे नव्या आणि जुन्या पद्धती. कागदावर नोंद करा, लगेच लागणार आहे.

फाइल उतरवणं

मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल घ्या, म्हणजे इन्स्टॉलचं सगळं सामान असलेली एकच मोठी फाइल. ती ३ जीबीच्या आसपास असते. गावात मोबाइल डेटावर एवढी फाइल उतरवताना मधेच रेंज जाते आणि ब्राउझरमधलं डाउनलोड पुन्हा शून्यापासून सुरू होतं. त्यावर उपाय टॉरंट, म्हणजे फाइल तुकड्यातुकड्यांनी उतरवायची पद्धत. मिंटच्या साइटवर टॉरंटची अधिकृत लिंक असते; रेंज गेली, लाईट गेली तरी जिथे थांबलं तिथून ते पुढे चालतं, आणि आलेला प्रत्येक तुकडा स्वतः तपासून घेतं. हेही जमत नसेल तर तालुक्याच्या गावी जाल तेव्हा फायबर असलेल्या ओळखीच्या ठिकाणी बसून उतरवा. कोणीतरी दिलेली ‘तयार सीडी’ वापरू नका. तिच्यात काय घातलंय ते कळायला मार्ग नसतो.

उतरलेली फाइल शाबूत आहे का ते तपासायची सोय असते. डाउनलोडच्या पानावर एसएचए-२५६ नावाची ६४ अक्षरांची एक ओळ मिळते. तुमच्याकडे सेव्हन-झिप (झिप फाइली उघडायचा मोफत प्रोग्राम) असेल तर फाइलवर राइट क्लिक करून सीआरसी-एसएचए या मेनूतून एसएचए-२५६ निवडा. थोड्या वेळाने तशीच ओळ दिसेल. दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या हव्यात. पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळली तरी रोजच्या वापराला चालेल. न जुळल्यास फाइल पुन्हा उतरवा. अर्धवट फाइलवरून इन्स्टॉल करायला गेलं की मध्येच अगम्य एरर येतात आणि माणूस उगाच लॅपटॉपला दोष देतो.

पेन ड्राइव्ह तयार करणं

आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली तर पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू होत नाही. त्यासाठी रूफस हा छोटा, मोफत प्रोग्राम वापरा. पेन ड्राइव्ह लावून रूफस उघडा. सगळ्यात वर ‘डिव्हाइस’मध्ये त्याचं नाव आणि आकार वाचा. बॅकअपची डिस्क लावलेली असेल तर ती आधीच काढून ठेवा, म्हणजे चुकीचं निवडलं जाण्याचा प्रश्नच उरत नाही. ‘सिलेक्ट’ दाबून आयएसओ दाखवा. मघाशी यूईएफआय लिहिलं असेल तर ‘पार्टिशन स्कीम’मध्ये जीपीटी ठेवा, लेगसी असेल तर एमबीआर. ‘स्टार्ट’ दाबल्यावर तो विचारेल की आयएसओ पद्धतीने लिहू की डीडी पद्धतीने; आयएसओ हीच शिफारस आहे, ती घ्या. एखादी जादा फाइल उतरवायची परवानगी मागितली तर हो म्हणा. शेवटी सगळं पुसलं जाईल असा इशारा येतो.

बाजारात ‘२ टीबी’ छापलेले स्वस्त पेन ड्राइव्ह मिळतात. आत प्रत्यक्षात त्याच्या शंभराव्या भागाइतकीही जागा नसते. रूफसमध्ये ‘चेक डिव्हाइस फॉर बॅड ब्लॉक्स’ अशी खूण आहे. ती लावली तर वेळ लागतो, पण असा खोटा ड्राइव्ह पकडला जातो. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या, दमट हवेने यूएसबीच्या धातूवर थर चढतो. ड्राइव्ह ओळखला जात नसेल तर कोरड्या सुती कापडाने हलक्या हाताने पुसा आणि लॅपटॉपचं दुसरं पोर्ट वापरून बघा. ओलं काही लावू नका.

पेन ड्राइव्हवरून सुरू करणं

लॅपटॉप पूर्ण बंद करा, पेन ड्राइव्ह लावा, पॉवरचं बटण दाबा आणि लगेच बूट मेनूची की टपटप दाबत राहा. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर ती एफ१२ असते, एचपीवर आधी एस्केप आणि मग एफ९, आसूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवरही एफ१२, पण आधी एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा लॅपटॉपच्या मूळ सेटिंगचा पडदा) ‘एफ१२ बूट मेनू’ चालू करावा लागतो. काही कीबोर्डवर एफएन धरून दाबावं लागतं. कंपनीचं चिन्ह येऊन गेलं आणि विंडोजचं चक्र फिरू लागलं म्हणजे उशीर झाला. पुन्हा बंद करून सुरू करा.

मेनूत पेन ड्राइव्हचं नाव दिसेल. एकाच ड्राइव्हच्या दोन ओळी असतील आणि एकीच्या सुरुवातीला ‘यूईएफआय’ असेल, तर तुमचं विंडोज ज्या पद्धतीचं आहे तीच ओळ घ्या. विंडोज यूईएफआयचं आणि लिनक्स लेगसीचं अशी गल्लत झाली तर दोन्ही एका मेनूत येत नाहीत. सिक्युअर बूट (फक्त ओळखीची, सही असलेली सिस्टिमच सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) बंद करायचा सल्ला सर्रास दिला जातो. मिंट आणि उबंटू त्याच्यासह चालतात, तेव्हा आधी चालू ठेवूनच बघा.

‘स्टार्ट लिनक्स मिंट’ निवडा. पडदा काळाच राहिला तर पुन्हा सुरू करून ‘कंपॅटिबिलिटी मोड’ घ्या.

इन्स्टॉल न करता वापरून बघा

थोड्या वेळात पूर्ण डेस्कटॉप येईल. हे सगळं पेन ड्राइव्ह आणि रॅममधून चाललेलं असतं. तुमच्या डिस्कवर अजून एक अक्षरही लिहिलेलं नाही. लिनक्सची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. पटलं तर घ्या, नाही तर पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉप बंद करा, काहीच बदललेलं नसेल.

निवांत तासभर बसा. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकतं का, कॅमेरा चालतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हे बघा. घरातला प्रिंटर लावून एक पान छापा. बरेच प्रिंटर लावल्या लावल्या चालतात, पण काही जुन्या छोट्या लेझर प्रिंटरांचं लिनक्सशी जमत नाही आणि ते आत्ताच कळलेलं बरं. प्रिंटर चाललाच नाही तर छपाई विंडोजमधून करायची, एवढंच. काही वाय-फाय चिपना ड्रायव्हर (तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) वेगळा लागतो. तेव्हा फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. त्याला वेगळं काही लागत नाही आणि गावात तसंही इंटरनेट फोनवरच असतं.

वाय-फाय, आवाज, टचपॅड या तीन गोष्टी ठीक असतील तर पुढे जा.

विंडोजकडून जागा घेणं

पुन्हा विंडोज सुरू करा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. सी ड्राइव्हवर राइट क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. आकडा एमबीमध्ये विचारला जातो: ५० जीबी म्हणजे ५१,२००, ६० जीबी म्हणजे ६१,४४०. २५६ जीबीची डिस्क असेल तर लिनक्सला ६० जीबी पुष्कळ झाले. विंडोजलाही श्वास घ्यायला ३०-४० जीबी मोकळी सोडा, नाहीतर त्याचे अपडेट अडतात.

श्रिंक झाल्यावर काळ्या पट्टीची ‘अनअलोकेटेड’ जागा दिसेल. तिला हात लावू नका. तिथे ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ करून डी ड्राइव्ह बनवायचा मोह होतो, पण लिनक्सला ती जागा मोकळीच हवी. आपल्याच परड्यात गडगा घालून अर्धा भाग वेगळा काढावा तसं हे आहे: जमीन तीच, पण पलीकडे काय लावलं त्याचा अलीकडच्या झाडांना त्रास नाही.

कधी कधी सी ड्राइव्हवर १०० जीबी मोकळे असून विंडोज जेमतेम ५-१० जीबी द्यायला तयार होतं. कारण न हलणाऱ्या काही फाइली ड्राइव्हच्या शेवटाकडे बसलेल्या असतात: हायबरनेशनची फाइल, पेज फाइल, सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती. या तिन्ही गोष्टी तात्पुरत्या बंद करून, लॅपटॉप रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करा. जागा मिळाली की परत चालू करा, पण फास्ट स्टार्टअप मात्र पुन्हा लागलं नाही ना ते बघा.

इन्स्टॉल

दिवस नीट निवडा. मे महिन्यातल्या किंवा परतीच्या पावसातल्या संध्याकाळी, गडगडाट सुरू असताना हे काम काढू नका. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली हवी आणि चार्जर लावलेला हवा. बॅटरी मेलेली असेल किंवा डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवरच करा. पार्टिशन (डिस्कचा वेगळा काढलेला भाग) लिहिलं जात असताना लाईट गेली तर विंडोजचाही डेटा धोक्यात येतो.

पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू करून डेस्कटॉपवरचं ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ उघडा. भाषांच्या यादीत मराठी आहे, तरी पहिल्या वेळी इंग्रजी ठेवा असं सांगेन, कारण अडलात तर मदतीची सगळी माहिती इंग्रजी मेनूंच्या नावाने मिळते. कीबोर्ड इंग्लिश यूएस. ‘मल्टिमीडिया कोडेक्स’समोर खूण करा, म्हणजे व्हिडिओ आणि गाणी लगेच चालतील. सिक्युअर बूट चालू असेल तर याच ठिकाणी एक पासवर्ड ठरवायला सांगतील. तो लिहून ठेवा, एकदाच लागणार आहे.

मग येतो ‘इन्स्टॉलेशन टाइप’चा पडदा. सगळ्या प्रक्रियेत धोक्याची जागा ही एकच, म्हणून इथे चहा बाजूला ठेवा आणि सावकाश वाचा. ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर’ म्हणजे विंडोजच्या शेजारी. ‘इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट’ म्हणजे विंडोज, फोटो, हिशोब, सगळी डिस्क साफ. ही दुसरी ओळ कोणत्याही कारणाने निवडायची नाही.

‘अलाँगसाइड’ दिसत असेल तर ते घ्या. दिसत नसेल, किंवा नेमकी कोणती जागा वापरली जाणार ते स्वतः ठरवायचं असेल, तर ‘समथिंग एल्स’. त्यात डिस्कची यादी येते. एनटीएफएस लिहिलेल्या ओळी विंडोजच्या, त्यांना स्पर्श नाही. ईएफआय लिहिलेली छोटी ओळ दोघांना सामाईक, तिच्यापुढे ‘फॉरमॅट’ची खूण नको. आपण सोडलेली ‘फ्री स्पेस’ ओळ आकड्यावरून ओळखा, तिच्यावर क्लिक करून अधिकचं चिन्ह दाबा. आकार आहे तसाच ठेवा, प्रकार ‘एक्स्ट४ जर्नलिंग फाइल सिस्टिम’ आणि माउंट पॉइंट म्हणून नुसती तिरकी रेघ. बस, एवढं एकच पार्टिशन पुरतं. स्वॅपसाठी (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वेगळं पार्टिशन काढायला सांगणारे जुने लेख सापडतील. मिंट आता त्यासाठी स्वतः फाइल बनवतं.

‘इन्स्टॉल नाऊ’ दाबल्यावर एक चौकट येते, ‘राइट द चेंजेस टू डिस्क्स?’ अशी. खाली कोणतं पार्टिशन फॉरमॅट होणार ते लिहिलेलं असतं. तिथे नवं एक्स्ट४ तेवढं असावं. एनटीएफएसचं नाव फॉरमॅटच्या यादीत दिसलं तर ‘गो बॅक’. ‘कंटिन्यू’ दाबेपर्यंत डिस्कवर काही बदललेलं नसतं, तेव्हा शंका आली तर मागे फिरायला लाजू नका.

पुढचं सोपं आहे. नकाशात भारतावर क्लिक केलं की कोलकाता लिहून येतं, भारतीय वेळेसाठी तेच बरोबर. आपलं नाव आणि पासवर्ड द्या. एसएसडीवर २०-३० मिनिटांत काम होतं. शेवटी रीस्टार्ट करताना पेन ड्राइव्ह काढून एंटर दाबायला सांगतात.

आणि डिस्कच दिसली नाही तर? काही इंटेल लॅपटॉपांवर बायोसमध्ये डिस्क ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ या पद्धतीवर ठेवलेली असते आणि लिनक्सला ती दिसत नाही. ती एएचसीआयवर आणावी लागते, पण थेट बदललं तर विंडोज सुरू होत नाही. क्रम असा: विंडोजमध्ये ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ उघडून बूटच्या पानावर ‘सेफ बूट’ला खूण करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, मग ती खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालत नाही असं होऊ शकतं, म्हणून खात्याचा मूळ पासवर्ड आधी आठवून ठेवा.

पहिल्यांदा सुरू करताना

सिक्युअर बूटचा पासवर्ड ठरवला असेल तर पहिल्या वेळी निळा पडदा येतो आणि १० सेकंदांत कोणतीही की दाबायला सांगतो. ‘एनरोल एमओके’, ‘कंटिन्यू’, ‘यस’, मग तो पासवर्ड, मग ‘रीबूट’. पडदा हुकला तरी लॅपटॉप बिघडत नाही, फक्त काही ड्रायव्हर चालत नाहीत.

त्यानंतर ग्रब नावाचा मेनू येईल: वर लिनक्स मिंट, खाली ‘विंडोज बूट मॅनेजर’. बाणांनी निवडा. काही केलं नाही तर थोड्या सेकंदांनी मिंट सुरू होतं. मेनू न येता थेट विंडोजच उघडलं, तर बायोसमध्ये जाऊन बूटचा क्रम बदला. तिथल्या यादीत तुम्हाला ‘मिंट’ सापडणार नाही. ‘उबंटू’ अशी ओळ असेल. तीच तुमची, तिला वर आणा. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर हा क्रम पुन्हा खाली-वर होऊ शकतो, उपाय हाच.

मिंटमध्ये आल्यावर अपडेट मॅनेजर चालवा, ड्रायव्हर मॅनेजरमध्ये काही सुचवलंय का बघा, आणि टाइमशिफ्ट चालू करा, म्हणजे एखाद्या अपडेटने बिघाड झाला तर सिस्टिम आधीच्या दिवसावर नेता येते. टाइमशिफ्ट तुमचे फोटो जपत नाही, तो फक्त सिस्टिम जपतो.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडा. मराठी इन्स्क्रिप्ट आहे आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायचा कागप हाही आहे. युनिकोडमधला मजकूर दोन्हीकडे सारखाच दिसेल. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पत्रिका, सभेची इतिवृत्तं मात्र तो फॉन्ट नसेल तर अगम्य अक्षरांत उघडतील. फाइल बिघडलेली नसते. ती विंडोजमध्येच उघडायची.

विंडोजमध्ये परत गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं आणि आपला फरक नेमका साडेपाच तासांचा. मिंटचं टर्मिनल (हुकूम टाइप करायची खिडकी) उघडून इंग्रजी छोट्या अक्षरांत timedatectl set-local-rtc 1 असं, मधल्या दोन जागा सोडून, टाइप करून एंटर दाबा. दोन्ही घड्याळं जुळतील.

नको झालं तर काढायचं कसं

बायोसमध्ये बूटच्या क्रमात आधी ‘विंडोज बूट मॅनेजर’ वर आणा आणि थेट विंडोज उघडतंय याची खात्री करा. मगच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन लिनक्सचं पार्टिशन डिलीट करा. त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं, म्हणून आकड्यावरून ओळखायचं. मग सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ केलं की जागा परत मिळते. हा क्रम उलटा केला तर काही मशीनवर काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ येऊन थांबतं. लेगसी मशीनवर तर ते येणारच. तिथे विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह लावून विंडोजचा बूट दुरुस्त करावा लागतो. त्यासाठी १६ जीबीचा आणखी एक पेन ड्राइव्ह घेऊन विंडोजमधल्या ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ने तो इन्स्टॉलच्या आधीच बनवून ठेवा आणि त्याच्यावर चिठ्ठी चिकटवा, म्हणजे त्यात कोणी गाणी भरणार नाही.